रोज एक मिलिमीटर

“आता टोच,” दत्तात्रेय म्हणाले. “आज एक तारीख. नस मनगटाशी पोचली असली पाहिजे.”

कल्याणीनं सुई हातात घेतली खरी, पण तिची नजर वडिलांच्या उजव्या हातावरून हलेना. मानेपासून मनगटापर्यंत हिरव्या शाईच्या आडव्या रेघा होत्या, महिन्याला एक, एकीपासून दुसरी बरोबर तीन सेंटिमीटरवर. हात पार वाळला होता, पंजाची नुसती हाडं वर आली होती. व्हिडिओ कॉलवर तिला इतके दिवस फक्त पूर्ण बाहीचा सदराच दिसत आला होता.

“अंघोळीत पुसल्या जातात मेल्या,” आई, जानकीबाई, कौतुकानं सांगत होत्या. “मग मी परत गिरवते. हे पट्टी धरतात, मी पेन. एखादे दिवशी पूजा चुकेल, हे नाही चुकत.”

दत्तात्रेय तिकडे उत्तरेत, रेल्वेच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. माप आणि तारीख यांच्यावर त्यांची जेवढी श्रद्धा, तेवढी देवावरही नसेल. निवृत्त होऊन तिसऱ्याच महिन्यात ओरछा गेटजवळ त्यांच्या स्कूटरसमोर सांड आडवा आला. ते खांद्यावर आपटले आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या. तुटलेल्या नसा परत कशा वाढतात, याचंच संशोधन करणारी त्यांची मुलगी तेव्हा जर्मनीतल्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मागे होती. घाबरलेल्या बापाला धीर द्यायला ती फोनवर म्हणाली होती, “बाबा, नस वाढते. रोज एक मिलिमीटर.” मग तिला मीटिंगला जायचं होतं.

तिनं मनगटावर टोचलं. “काही?”

“नाही.”

कोपर. तिथंही नाही. दंडावरही नाही.

“अगं, जरा जोरात टोच ना. भितेस काय?”

रक्ताचा बारीक थेंब वर आला. दत्तात्रेय त्याच्याकडे नवलानं बघत राहिले.

“बाबा, डॉक्टरांची फाईल कुठाय?”

फाईलमधला दुसराच कागद डॉक्टरांच्या सल्ल्याचा होता. नसा तुटल्या आहेत, सहा महिन्यांच्या आत लखनौला जाऊन शस्त्रक्रिया करून घ्यावी. वर वीस महिन्यांपूर्वीची तारीख.

“हे मला का नाही कळवलंत?”

“अगं, डॉक्टर साहेब म्हणाले, पायातली नस काढून इथे जोडणार. मी म्हटलं, जी आपण होऊन वाढतेय तिला कशाला चिरायचं? साफ सांगितलं, हमारी बिटिया इसी की साइंटिस्ट है, वो बोली है, रोज एक मिलिमीटर.” त्यांचा चेहरा अजून अभिमानानं फुललेला होता. “गप्पच बसले बिचारे.”

त्या वाक्याचा पुढचा भाग कल्याणी बोललीच नव्हती. टोकं जुळलेली असली तर. वेळेत जोडली तर. दीड वर्षात नस पोचली नाही, तर स्नायू कायमचे मरतात. भरल्या सभागृहात ती हे घडाघडा सांगे. आणि घरी सांगायला तिला दोन मिनिटं मिळाली नव्हती.

“अजून किती दिवस धरायचे?” दत्तात्रेयांनी विचारलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हात आता नाही येणार.”

“नाही येणार म्हणजे?” जानकीबाईंनी विचारलं. विचारता विचारताच त्या पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

“मी अर्धवट सांगितलं. चूक माझी आहे,” कल्याणी म्हणाली.

“सांगितलंस ते खरं होतं ना?”

“हो, पण...”

“मग झालं तर. न विचारता काम मीच पुढे रेटलं. माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर कान उपटले असते त्याचे.” मग म्हणाले, “तुझे ते उंदीर. त्यांचे पाय येतात परत?”

“येतात.”

“चालतात?”

“दोन महिन्यांत.”

“चांगलं आहे,” ते म्हणाले आणि डाव्या हातानं बाही खाली ओढू लागले. ती अडकली. कल्याणी मदतीला सरसावली, तशी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आठ दिवसांनी ती निघाली. दारात ऑटो येऊन थांबली. आईनं तिच्या हातावर दही घातलं. ती वडिलांच्या पाया पडायला वाकली आणि तिथेच तिला हुंदका फुटला.

“थांब, उठू नको,” दत्तात्रेय म्हणाले.

आशीर्वाद डाव्या हातानं द्यायची त्यांच्या घरी रीत नव्हती. डाव्या हातानं त्यांनी उजव्याचं मनगट धरलं, हात उचलला आणि तिच्या केसांवर टेकवला. तो गार होता आणि जड होता. त्यांचे डोळे भरले होते, समोरचं धड दिसत नव्हतं.

“डोक्यावरच आहे ना गं?” त्यांनी जानकीबाईंना विचारलं.