दार लागत नाही

भीती हा शब्द न वापरता भीती वाटायला लावा, असं नोएमीबाईंनी नववीच्या मुलांना घरून लिहून आणायला सांगितलं होतं. कथेतलं वातावरण, सूर, प्रतीक हा बाईंचा हातखंडा विषय. पण आठवडाभर पाऊस नुसता झोडपत होता, पत्र्यावर ताशा वाजत होता आणि अर्धा वर्ग पेंगत होता. यादिराची पाळी आली. ती उठून वाचू लागली.

"रविवारपासून आमच्या घराचं दार लागत नाही. आईने रंधा मारला, तेव्हा लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लागेना. आई म्हणते, पावसाने लाकूड फुगलंय. कोंबड्या आत यायला तयार नाहीत. दिवसभर घरात आई आणि तान्हं बाळ, दोघंच असतात."

बाईंच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा पोरीने काय कमाल केली!

"बघा रे, शिका जरा! सूर कोरडा, म्हणूनच भीती जास्त. आता सांगा, दार कशाचं प्रतीक?"

"तिचा बाप पळून गेलाय ना, त्याची वाट बघतंय!" मागून एक आगाऊ आवाज आला. वर्ग खिदळला.

बाईंनी डोळे वटारले, पण मनातून खूश झाल्या. फळ्यावर लिहूनही टाकलं: दार म्हणजे प्रतीक्षा.

"तसं काही नाही, बाई," यादिरा म्हणाली. "दार लागत नाही, एवढंच."

"अगं, लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही कधीकधी."

"आमचंही लागत नाही, बाई," विल्मार म्हणाला. त्याचं घर यादिराच्या शेजारी, त्याच उतारावर. "आणि आमचं तर लोखंडी आहे."

खडू बाईंच्या हातातच राहिला. लोखंड कधी पावसाने फुगतं होय? दारं होती तशीच होती, चौकटी वाकड्या होत होत्या. खालची जमीन सरकत होती. आणि आपण इथे अर्थ काढत बसलो! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली त्यांना.

"विल्मार, धाव! चर्चची घंटा वाजव, उतारावरच्या सगळ्यांना बाहेर पडायला सांग!" एवढं ओरडून बाई यादिराला घेऊन चढ चढू लागल्या.

यादिराची आई मार्लेन दारापाशी रंधा घेऊनच बसली होती. आत चुलीवर गुळाचं पाणी उकळत होतं.

"या बाई! काय दिवे लावले आमच्या कन्येने?"

"बाळ उचल आणि बाहेर पड. डोंगर सरकतोय."

"काहीतरीच तुमचं!"

"नीघ म्हणते ना!" बाई अशा खेकसल्या की मार्लेनने मुकाट्याने बाळ उचललं.

घंटा ऐकून बाहेर पडलेल्या शेजाऱ्यांबरोबर उतार मागे टाकून रस्त्याच्या वळणावर पोचल्यावर मार्लेन थबकली. "अगं बाई, चूल तशीच राहिली! दारही सताड उघडं. आत्ता येते." बाळ लेकीकडे देऊन ती मागे वळली. बाईंनी तिचं मनगट धरलं.

"सोडा हो, बाई! दुखतंय!"

बाईंनी सोडलं नाही. वारा अजिबात नव्हता. आठवडाभर न लागलेलं ते दार सावकाश फिरलं आणि धाडकन लागलं.

मार्लेनने हात ओढायचं थांबवलं. मग घरासकट अख्खा उतार ओढ्यात गेला. यादिराने बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.