टीसीचं तोंड

शकून-अपशकून मी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला हसाल, आणि मला कुणी हसलेलं खपत नाही. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली आणि माझ्या सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत घालून नदीला पोचवले. तेव्हापासून आमच्याकडं मांजर आडवं जातं, पाल चुकचुकते, आणि आम्ही चहा पीत बसतो. मनमाडच्या रेल्वे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, की चांगुणाबाईपुढं शकुनाची गोष्ट काढायची नाही. काढलीच तर मी चांगलं सुनवायचे.

सत्त्याहत्तर सालच्या जूनमध्ये माझ्या दिराची पोरगी आमच्याकडं आली. दीर आणि जाऊ एका लग्नाहून परत येत होते, जीप उलटली, एकाच दिवसात दोघंही गेली. पोरगी आठ वर्षांची. नाव यशोधरा, आणि उंची पाण्याच्या दोन हंड्यांएवढी. तिचा मामा पुंजा वणीजवळच्या एका खेड्यात राहायचा. थोडी जमीन, घरात आजी, यशीच्या वयाच्या दोन मुली. पोरगी आपणच सांभाळायची असं त्याच्या मनात होतं, पण नेमकं तेव्हाच त्यानं जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं होतं. म्हणून ठरलं, की वर्षभर तिनं आमच्याकडं राहायचं, घर झालं की मामा येऊन नेईल. आम्हाला मूलबाळ नव्हतं. पोर वर्षाच्या बोलीवर आणायची, ही रीत मला अजिबात पसंत नव्हती, पण मला विचारलंय कुणी?

यशीबरोबर एक पत्र्याची पेटी आली होती. त्या पेटीतले कपडे तिनं कधी बाहेर काढलेच नाहीत. फ्रॉक धुवायची, वाळवायची, घडी घालायची आणि पुन्हा पेटीत. मी म्हटलं, दोरीवर टाक की बाई, घरात दोरी कशाला बांधलीय? तर म्हणाली, राहू द्या, जाताना विसरायला नको. आता बोला. आणि मला ती काहीच म्हणायची नाही. काकू नाही, मावशी नाही. "जेवायला वाढलंय का," असं भिंतीकडं बघून विचारायची. मीही मग भिंतीकडं बघूनच सांगायचे, वाढलंय म्हणून. माझा स्वभाव तसाच आहे. कुणी एक पाऊल मागं सरकलं, की मी दोन सरकते.

श्रावणात माझी अंडी जायला लागली. माझ्या चार कोंबड्या होत्या, मागच्या अंगणात राहायच्या. अंगणापलीकडं रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांची रास पडलेली. एक दिवस अंडं गायब, दुसऱ्या दिवशी दोन गायब. मी सरळ शेजारच्या धोंडाबाईच्या दारात गेले आणि तिच्या बोक्याचा उद्धार केला. धोंडाबाई काही कमी नाही, तिनं माझा केला. तीन दिवस आमचं दोघींचं नळावर बोलणं बंद होतं. मनमाडच्या नळाला आधीच चार-चार दिवसांनी पाणी, त्यात बोलणं बंद, म्हणजे काय हाल झाले असतील बघा.

चौथ्या दिवशी सकाळी मी झाडू घेऊन दाराआड उभी राहिले. स्लीपरांच्या राशीतून एक मुंगूस निघालं. भुरं, झुपकेदार शेपटीचं, छोट्या लाल डोळ्यांचं. अगदी ऐटीत अंगणात आलं. चुलीत बघितलं, पिंपामागं बघितलं, पायरीखाली नाक घातलं. मी झाडू उगारला, तेवढ्यात यशी मध्ये आली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून बोलली.

"त्याला मारू नका. मी माझं अंडं त्याला देते, पण त्याला मारू नका."

तेव्हा सगळं बाहेर पडलं. रविवारी मी तिला जे अंडं उकडून द्यायचे, ते ती निम्मं लपवून त्याला घालत होती. सुक्या बोंबलांची डोकी मी फेकायला ठेवायचे, तीही त्याच्याच पोटात जायची. दोन महिने रोज सकाळी ती राशीपाशी न हलता बसायची, तेव्हा कुठं ते तिच्या हातातून घ्यायला लागलं होतं. नावही ठेवून झालं होतं, टीसी. कारण ते रोज ठरल्या वेळी येऊन सगळ्यांच्या सामानात डोकावतं आणि कुणाशी बोलत नाही.

मी हसणार नव्हते. पण आमचे हे, म्हणजे सावळीराम, ड्युटीवरून येऊन दारात उभे होते, ते एवढ्या मोठ्यानं हसले की मलाही आवरेना. यशी चमकून आमच्याकडं बघत राहिली, आणि मग तीही हसली. पुढचे दोन दात पडलेले होते, ते मला तेव्हा कळलं.

मग तह झाला. कोंबड्यांभोवती जाळी मारायची, टीसीला बोंबलाची डोकी द्यायची, आणि रविवारचं अंडं यशीनं स्वतःच खायचं. टीसीनं तह पाळला असं मी म्हणणार नाही. जाळीच्या फटीतून मेला अधूनमधून हात मारायचाच. यशी डब्याचं झाकण वाजवायची, की तो राशीतून बाहेर यायचा, मागच्या दोन पायांवर उभा राहायचा आणि तिच्या तोंडाकडं बघायचा. दुसऱ्या कुणी झाकण बडवून फोडलं तरी यायचा नाही. मी एकदा वाजवून बघितलं होतं, कुणी नसताना.

बरं, मुंगूस म्हटलं की लोकांना साप आठवतो. भाद्रपदात एक धामण अंगणात आली. आम्ही म्हटलं, आता बघा टीसीची कमाल. टीसी आला, त्यानं धामणीकडं नीट बघितलं, आणि आल्या वाटेनं स्लीपरांत निघून गेला. शेवटी सावळीरामांनीच काठीनं तिला नाल्याकडं हाकललं. यशीचं म्हणणं, धामणीकडं तिकीट होतं.

पण कॉलनीनं माझा अंत बघितला. मुंगसाचं तोंड दिसलं की काम होतं, हे खूळ आमच्याकडं लहानथोर सगळ्यांना आहे. मुंगूस दिसलं की त्याला शपथ घालून तोंड दाखव म्हणायचं, पाठ दाखवली तर काम बिघडलं. धोंडाबाईचा पुतण्या बारकू तीन ठिकाणी मुली बघून नकार घेऊन आला होता. चौथ्या खेपेला निघताना यशीनं त्याला टीसीचं तोंड दाखवलं, आणि मुलगी हो म्हणाली. त्याच्या आदल्या दिवशी मी बारकूला ती झाडूसारखी मिशी काढायला लावली होती, हे कुणाच्या लक्षातच नाही. झालं, दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागच्या दारात रांग. कुणाची परीक्षा, कुणाची बदली, कुणाच्या म्हशीचं दुखणं. यशी प्रत्येकाकडून बोंबलाचं एक डोकं घ्यायची आणि मगच झाकण वाजवायची. मी रोज ओरडायचे. घरातले देव घालवले ते काय मुंगूस बसवायला, म्हणून विचारायचे. आपल्यातलेच लोक हातात बोंबील घेऊन खाली माना घालायचे, पण जायचे मात्र तोंड बघूनच.

खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. लोक नव्हे, पोरगी. रांगेतल्या लोकांवर ती माझ्यासारखीच खेकसायची, तोच हात कमरेवर, तोच आवाज. सावळीराम म्हणायचे, घरात दोन चांगुणा झाल्या, आता मी कुठं जाऊ?

मे महिन्यात पुंजाचं कार्ड आलं. घर झालं आहे, रविवारी सकाळच्या गाडीनं येतो, पोरीची तयारी करून ठेवा. सावळीरामांनी मोठ्यानं वाचलं. यशीनं ऐकलं आणि पेटी पुसायला घेतली.

तीन दिवस मी भांडी आपटली. सावळीराम मागं लागले, तिला राहा म्हण, तुझ्या तोंडून तिनं एकदा ऐकायला हवं. मी म्हटलं, का म्हणू? तिथं आजी आहे, बरोबरीच्या बहिणी आहेत. इथं काय आहे, एक खाष्ट बाई आणि चार कोंबड्या. तिला राहायचं असतं, तर तिनं एक फ्रॉक तरी दोरीवर टाकला असता. मी विचारायचं आणि तिनं भिंतीकडं बघून नाही म्हणायचं, हे माझ्यानं सोसलं नसतं. हे मी त्यांना सांगितलं नाही, पण खरं कारण तेच होतं.

रविवारी उजाडताना मी कोंबड्या सोडायला मागं गेले. जाळीत एक ताजं अंडं होतं. ते हातात घेतलं, आणि पाय आपोआप राशीकडं वळले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. धोंडाबाईचं दार बंद होतं. मी पदर खोचला, दोन स्लीपरांच्या फटीपुढं उकिडवी बसले, आणि आयुष्यात ज्याबद्दल सगळ्या कॉलनीला शिव्या घातल्या, तेच करायला लागले. मुंगसाला शपथ घातली. आधी हळू आवाजात, मग जरा मोठ्यानं. बाहेर ये बाबा, म्हटलं, एकदा तोंड दाखव, हे अख्खं अंडं घे, उद्यापासून रोज घे, जाळीसुद्धा काढून टाकते. आतून नुसतं खुडखुडल्यासारखं झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाही मला राग आला.

"झाकण वाजवल्याशिवाय तो येत नाही."

मागं यशी उभी होती. हातात झाकण. कधीपासून उभी होती कोण जाणे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, कोंबडी खुडूक बसलीय, म्हणून आपलं जरा. तिनं माझ्या हातातल्या अंड्याकडं बघितलं. कोंबडी खुडूक बसली की अंडी घालत नाही, हे मीच तिला शिकवलं होतं.

ती माझ्याशेजारी खाली बसली. "कशासाठी बघायचं होतं तोंड?"

आता खोटं तरी किती बोलायचं. "तू जाऊ नयेस म्हणून," मी म्हटलं. "मला तू हवीयेस. वर्षासाठी नाही."

ती झाकण नुसतं हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग मला सांगायचं ना. त्याला काय कळतंय?"

आणि तिनं झाकण वाजवलं. टीसी लगेच आला, काय म्हणावं त्याला. मी अंडं पुढं सरकवलं. त्यानं ते हुंगलं, पुढच्या पायांत धरलं, आमच्याकडं सरळ पाठ फिरवली आणि दोन पायांमधून ते मागं असं भिरकावलं, की अंडं स्लीपरवर आपटून फुटलं. त्यांची अंडी फोडायची रीतच तशी. मग फुटलेलं अंडं चाटत बसला, शेपटी आमच्याकडं. तोंड काही दाखवलं नाही. मी मान वाकडी करून बघितलं, कुठून दिसतंय का. मानत नाही म्हटलं, तरी बघितलं.

पुंजा नऊच्या सुमारास आला. माणूस चांगला. पिशवीत शेंगदाणे, यशीसाठी नवा फ्रॉक. त्याला चहा दिला. आजी रोज वाट बघते, मुलींनी अंथरूणसुद्धा वाटून घेतलंय, असं तो सांगत होता, आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. यशी आत गेली. पेटी ओढल्याचा आवाज आला. सावळीरामांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या पातेल्याकडं बघितलं.

यशी पेटी ओढत बाहेर आली. मामा उचलायला उठला, तर त्याला म्हणाली, थांबा जरा. आणि आमच्या सगळ्यांच्या समोरून ती पेटी मागच्या दारानं अंगणात घेऊन गेली. आम्ही तिघं तिच्यामागून गेलो. पेटी रिकामी होती. तिनं ती जाळीत आडवी घातली, आत भुसा पसरला, आणि एकेक कोंबडी धरून तिला आतली जागा दाखवली.

"मामा," ती म्हणाली, "कोंबड्या अशा उघड्यावर अंडी घालतात, म्हणून टीसीचं फावतं. मी गेले तर त्यांच्याकडं बघायला कुणी नाही. काकूचा तर त्याच्यावर काही धाक नाही."

पुंजा आधी माझ्याकडं बघत राहिला, मग पेटीकडं. त्याचेही डोळे भरले होते, पण तो हसला. म्हणाला, दिवाळीच्या सुटीत तरी पाठवा, आजीला काय सांगू? मी म्हटलं, मी स्वतः घेऊन येईन. ते मी पाळलंही, पुढं दरवर्षी पाळलं.

तो जेवायला बसला, तेव्हा मी पाणी आणायला आतल्या खोलीत गेले. यशीचे चारही फ्रॉक जमिनीवर घडी घालून ठेवले होते, आणि ती टाचा उंचावून दोरीला हात लावायला बघत होती.

"काकू, ही दोरी खाली बांध ना. माझा हात पोचत नाही."

दोरी माझ्या उंचीची होती, लग्न होऊन त्या घरात आले तेव्हापासूनची. मी तिची गाठ सोडली आणि हातभर खाली बांधली. पुढं कितीतरी वर्षं सावळीराम त्या दोरीला अडकून मला बोलायचे.