अधिक की उणे

मी बिजागरी मोडलेला लॅपटॉप बोलतोय. पाठीमागे पुस्तकं रचल्याशिवाय माझं झाकण उभं राहत नाही.

मला दुकानातून दादाने आणलं. वापरून वापरून माझा पार जीव काढला आणि नवा घेतल्यावर मला धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं. तिने कुरकुर केली नाही. कळांमधली धूळ झटकली, झाकणाला पुस्तकांचा टेकू दिला आणि कामाला लागली.

तेव्हा ती कॉलेजात होती. खगोलशास्त्रज्ञांची काही सॉफ्टवेअर सगळ्यांना खुली असतात. कुणीही त्यांत भर घालावी, चुका दुरुस्त कराव्यात. सुट्टीत विद्यार्थ्यांना हे काम शिकवणाऱ्या एका उपक्रमात तिची निवड झाली. मार्गदर्शक होते वेधशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. माझ्या पडद्यावरून पहिल्याच भेटीत म्हणाले, "सर नको, काका म्हण."

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून ताऱ्याचा उजेड आपल्याकडे कधी थोडा आधी पोचतो, कधी उशिरा. तो फरक हिशेबातून काढून टाकायचा, हे तिचं काम. तिने खपून लिहिलं. काकांनी वाचलं आणि खोकत खोकत हसले.

"अगं, अधिकच्या जागी उणे घातलंस. फरक गेला नाही, दुप्पट झाला."

तिचा चेहरा पडला. "सोडून देऊ का, काका? मला नाही जमायचं."

"चिन्ह चुकलंय, तू नाही. बदल आणि पाठव."

तिने बदललं, पाठवलं आणि वाट पाहत बसली. काकांचा खोकला वाढत चालला होता. मला ऐकू यायचा, तिलाही यायचा. त्याबद्दल ती दोघं कधी बोलली नाहीत.

पुढच्या भेटीला काकांच्या खुर्चीत काकू बसल्या होत्या.

"ते गेले गं. परवा."

मग काकू म्हणाल्या, "दवाखान्यात तुझंच काम वाचत होते. म्हणाले, आता बरोबर आलंय, कळवू का तिला? मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग कळवा." आणि त्यांनी चष्मा काढला.

तिची दुरुस्ती दुसऱ्याच कुणीतरी स्वीकारली. अभिनंदनाचा संदेश आला. तो वाचून तिने माझं झाकण लावलं. पुढे एका वेधशाळेतून आभाराचा निरोप आला, तोही पहिल्या ओळीनंतर मिटला. मग तिला विमा कंपनीत नोकरी लागली. ताऱ्यांचा विषय निघाला की ती उठून आत जाते. दादा म्हणतो, "त्या सुट्टीत नुसता वेळ घालवलास."

माझी बॅटरी फुगली आहे. उद्या मी भंगारात जाईन. त्याचं फारसं वाटत नाही, यंत्राचं आयुष्य ते केवढं. पण तिच्या ओळींच्या आधारे कुठेकुठे ताऱ्यांच्या वेळा जुळवल्या जातात आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नाही, हे मनाला लागून राहिलंय. मला सांगता येत नाही. तुम्हाला ती भेटली, तर एवढं विचारा, "त्या सुट्टीत काय केलंस गं?"

ती उठून जायला लागेल. जाऊ देऊ नका.