तिसरा पेला

अदिस अबाबा सोडून बैरूतला आल्यापासून एमेबेतमावशीच माझी आई. रविवारी ती चर्चमधून थेट आमच्या खोलीवर आली. झेनेबेच आणि मी, दोघी बायका, जोडीने संसार करतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. झेनेबेच आत लपली.

मी कॉफी केली. धूप दरवळत होता. दोन पेले मुकाट संपले. आमच्याकडे कॉफीचे पेले तीन, तिसरा आशीर्वादाचा; तो न घेता उठली, तर मावशी कायमची तुटली.

तिने शाल सावरली.

"मला हे पटत नाही, पोरी."

"माहितेय, मावशी."

"मग रडतेस कशाला? ओत. आणि तिला बोलव बाहेर. आशीर्वाद काय भिंतीपलीकडून फेकू?"