एक वेढा जास्त

शेवटी अर्नोला सगळं कळलं. पण त्याला काहीच कळलं नाही असं धरून चालू. आम्ही क्लबवाले हिवाळाभर तेच धरून चाललो होतो आणि आमचं बरं चाललं होतं.

अर्नो केतोला आमच्या हौशी रेडिओ क्लबाच्या कॉइल्स गुंडाळायचा. सुटे भाग आणून घरी रेडिओ जोडायचा, हा आमचा हिवाळी उद्योग. सरोवरावरून बर्फ आलं की इथे दुसरं करण्यासारखं फक्त घटस्फोट घेणं उरतं. जोडणीतलं सगळं सगळ्यांना जमतं, टोरॉइड सोडून. करंगळीच्या नखाएवढी कडी, तिच्या भोकातून बारीक तांब्याची तार ओवत राहायची. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा. बाहेरच्या बाजूने मोजणारा फसतो. अर्नो फसायचा नाही. तो मोजत असताना घरात कुणी बोलायचं नाही. एकदा शेगडीजवळचा टॉवेल पेटला, तर त्याच्या बायकोने, मार्लिसने, तोही न बोलता विझवला.

हरणांच्या शिकारीच्या मोसमात आमच्या सगळ्यांच्या नव्या रेडिओंची फ्रिक्वेन्सी सारखीच खाली घसरली. क्लबाचा अध्यक्ष डेल वुकेलिच याचा फोन आला.

"तुझ्या कॉइलला किती?"

"एक वेढा जास्त."

"माझ्याही. सोडव आणि तोंड शिव. म्हातारा त्या मोजण्यावर जगतोय."

सोडवला. चर्चच्या तळघरातल्या बैठकीत अर्नोने विचारलं, "काय रे, कशा होत्या?" आम्ही मांस-बटाटा भरलेली पास्टी चावत एका सुरात म्हणालो, "झकास!"

पुढच्या खेपेला दोन जास्त. त्याच्या पुढच्या खेपेला पाच. आम्ही सोडवत राहिलो. मग एका पिशवीत, बाकीच्या कॉइल्समध्ये, सकाळी दुधात टाकून खातात ती ओटची कडी निघाली. तिच्यावर तार गुंडाळलेली. इतकी हळुवार, की एक कणही सुटला नव्हता.

डेलने ती चिमटीत उचलली. "हिचे वेढे मोजलेस?"

"मोजले."

"मग?"

"बरोबर आहेत."

"अरे देवा," डेल म्हणाला.

मी मार्लिसकडे गेलो. तिने दारातच धरलं.

"पोरा, तो आता जेवताना मोजतो. हातात तार नसते. परवा मध्येच थांबला आणि मला म्हणाला, बाई, तुमचा नवरा कुठंय?"

"मग?"

"म्हटलं, मोजतोय. बोलू नका."

आम्ही दोघंही हसलो. आत मोजणं थांबलं, तसे गप्प झालो.

बर्फ वितळताना बैठक होती. डेलचा रेडिओ टेबलावर उघडा पडला होता. अर्नोने चष्मा कपाळावर चढवला आणि वाकला.

"हे टोक मी कापलेलं नाही."

मग त्याने माझा उघडला. मग शेजारचा. सगळ्या कड्यांवर एका बाजूला उघडी जागा, दात पडल्यासारखी.

"कधीपासून?"

"कधीपासून काय? पास्टी खा, गार होतेय," डेल म्हणाला.

"डेल, मी वेडा होतोय की तुम्ही?"

अर्नोने कोटाची बटणं लावली, एक खालीवर लागलं, आणि इतिवृत्तात एक ठराव घ्या म्हणाला. तो एकमताने मंजूर झाला. अर्नोसोबत आलेल्या मार्लिसने सभासद नसूनही हात वर केला. मीही केला. माझ्या दुसऱ्या हातात, कोटाच्या खिशात, त्याने त्याच सकाळी दिलेली पिशवी होती. तिच्यातले वेढे मी आधीच मोजले होते, आणि ते जास्तच होते. ठराव असा:

"यापुढे अर्जदाराच्या कॉइलमध्ये वेढा कमी-जास्त आढळल्यास संबंधित सभासदाने त्याच दिवशी, अर्जदाराच्या तोंडावर, स्पष्ट शब्दांत तसे सांगावे. सांगूनही अर्जदारास ते समजत नसल्यास, समजेपर्यंत सांगत राहावे, ही विनंती."