शिवांजलीसाठी बसवलेले दात

मी कवळी बोलतेय. खरं म्हणजे आम्ही दोघी आहोत, वरची आणि खालची. पण खालचीचा स्वभाव अस्थिर. बोलायला लागली की जागा सोडते. म्हणून दोघींच्या वतीनं मी वरचीच बोलते. सध्या आमचा मुक्काम स्टीलच्या एका वाटीत आहे. वाटीतलं पाणी कालचं आहे.

माझं माप घेतलं विट्यातल्या एका दवाखान्यात आणि घडले मी सांगलीत. नानांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, तोंडात मापाचा गुलाबी लगदा भरून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हलू नका हं." नाना अजिबात हलले नाहीत. उमेदीची सगळी वर्षं कोइमतूरला गलाईच्या दुकानात, सोनं गाळण्यात घालवलेला माणूस. साचा घट्ट होईपर्यंत कसं थांबायचं, हे त्यांना काय शिकवायचं! त्यांचे स्वतःचे दातही त्याच धंद्यात गेले. तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, धुरानं आधी झिजले, मग हलायला लागले, मग पडले.

मला वाटलं होतं, हे आता मटणावर ताव मारणार. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या.

"खान्याचं ऱ्हाऊ द्या वं," नाना म्हणाले. "मला बोलता आलं पायजे. नातीला माझं फोनवर काय कळत न्हाई."

ही नात म्हणजे शिवांजली. नानांचा मुलगा जयराज आता कोइमतूरचं दुकान बघतो, त्याची ही लेक, दुसरीत आहे. नाना फोनवर तिच्याशी पोटभर बोलायचे. तिकडून नुसतं "हं, हं" यायचं, आणि मग जयराज फोन घ्यायचा. तो वडिलांना आबा म्हणतो. "आबा, तुमाला दात न्हाईत न्हवं, तिला शब्द उमगत न्हाईत." बायको, शालूबाई, गेल्यापासून घरात नाना एकटेच. दिवसभरात ज्या एका जिवाशी बोलायचं, त्यालाच आपलं बोलणं कळत नाही, हे त्यांना फार लागलं. जयराजला कसलाही पत्ता लागू न देता एक दिवस ते टोपी घालून विट्याला निघाले. म्हणजे मी जन्माला आले ती त्या "हं, हं"पायी.

पहिले दिवस आमचे काही सुखाचे गेले नाहीत. तोंडात परकं कोणी शिरलं की जीभ बिथरते, लाळ सुटते, हिरड्यांना फोड येतात. त्यात नानांनी "शिवांजली" म्हणायचा प्रयत्न केला की माझ्यामधून कुकरसारखी शिट्टी निघायची. मलाच लाज वाटायची. डॉक्टरीणबाईंनी फोडाच्या जागी मला थोडं घासलं आणि बजावलं, "मऊ खा. दोन्ही बाजूंनी चावा. रात्री काढून गार पाण्यात ठेवा. आणि रोज मोठ्यानं बोला, गप्पा मारा. बोलून बोलूनच जीभ वळते."

नानांनी मान डोलावली. गप्पा कुणाशी मारायच्या, ते काही त्यांनी विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी एक घोळ घातला, जो फक्त गलाईवालाच घालू जाणे. मला स्वच्छ करायचं म्हणून चुलीवरचं कढत पाणी माझ्यावर ओतलं! शेजारच्या धोंडुबाई ओरडल्या, तर म्हणाले, "आगीत घातल्याबिगर कुठली वस्तू शुद्ध हुती गं? सोनंसुदिक हुत न्हाई." अहो, सोनं सोनं असतं, मी प्लॅस्टिकच्या जातीची! मी जी वाकडी झाले ती टाळूला लागेचना. पुन्हा विटा, पुन्हा माप, पुन्हा बाईंची बोलणी. त्यानंतर मात्र नाना शहाणे झाले. मऊ ब्रश आणला. खाली टॉवेल अंथरून, लेकराला आंघोळ घालावी तसे मला धुऊ लागले. एवढं कुणी जपलं की आपणही सांभाळून घेतो. मी टाळूला घट्ट धरून बसायला शिकले.

राहिला प्रश्न बोलण्याचा. आमची गल्ली तुम्ही पाहायला हवी. दोन्ही बाजूंना टोलेजंग बंगले, चकचकीत फरशा, पितळी नक्षीची दारं, आणि प्रत्येक दाराला कुलूप. मालक कुणी सेलमला, कुणी कलकत्त्याला, कुणी लुधियान्याला सोनं गाळतात आणि जत्रेपुरते घरी येतात. साऱ्या किल्ल्या नानांकडे. दिवेलागणीला ते एकेक घर उघडत, देवापुढं दिवा लावत आणि पुन्हा कुलूप घालत. त्या कुलपांपुढं आमचा सराव सुरू झाला.

"शिवांजली, बाळा, जेवलीस का?" नाना दाराला विचारत. दार गप्प. मग पुढचं दार. "शिवांजली, तुला आपल्या हौश्याची गोष्ट सांगू का?" हौश्या त्यांचा बैल. खरसुंडीच्या बाजारात विकला, तर दावं तोडून एकटाच घरी परत आलेला. ती गोष्ट नानांनी इतक्या दारांना सांगितली की मला पाठ झाली.

एकदा धोंडुबाईंनी पाहिलं. "आवं नाना, कुनासंगं बोलताय?"

"दातांसंगं," नाना म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. त्यांच्याही घरी मुलं परगावीच होती.

हळूहळू शिट्टी गेली. एका संध्याकाळी शेवटच्या दारापाशी "शिवांजली" असं नाव निघालं, अगदी लख्ख. नाना तिथंच पायरीवर बसले आणि पुन्हापुन्हा तेच नाव घेत राहिले. मला माझा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता. फोनवर मात्र त्यांनी ब्र काढला नाही, हूं हूं करून वेळ मारून नेली. जत्रेला पोरीच्या समोर बसूनच बोलायचं, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. आजवरच्या जत्रांना ती लाजून बापामागंच लपायची.

जत्रा आली. गल्लीतली कुलपं निघाली, गाड्या लागल्या, गावदेव नाथबाबाच्या नावानं चांगभलं झालं. जयराजनं नानांचे दात पाहिले आणि तो जरा चपापलाच. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही. नानांनी शिवांजलीला ओट्यावर शेजारी बसवलं आणि हौश्याची गोष्ट सुरू केली. एक शब्द अडखळला नाही. बाजार आला, दावं तुटलं, बैल दारात येऊन हंबरला. पोर तोंडावर हात धरून टक लावून पाहत होती. गोष्ट संपली, तशी तिनं बापाकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

नाना बघतच राहिले. "काय म्हनती?"

जयराजनं मान खाली घातली. "आबा, तिला मराठी येत न्हाई वं. शाळंत इंग्रजी, खेळायला तमिळ. आमी बी घरात इंग्रजीच बोलतो, सवय व्हावी म्हणून."

"मग दात न्हाईत म्हणून कळत न्हाई, असं का सांगत हुतास?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

नानांनी जबडा मिटला. मी त्यांच्या तोंडात होते, मला ठाऊक आहे. त्यांनी मला इतकं घट्ट आवळलं होतं की हिरडी दुखली असेल. एवढी दारं, एवढा सराव, आणि दोष आमचा नव्हताच.

मग त्यांनी तोंडात बोटं घातली आणि आम्हा दोघींना काढून तळहातावर ठेवलं. बोळकं उघडून पोरीकडं पाहून हसले. शिवांजली आधी दचकली, मग खदखदून हसली आणि तिनं तोंडावरचा हात काढला. तिचे पुढचे चारही दात पडलेले होते! दोघं एकमेकांना बोळकी दाखवत किती वेळ हसत बसली. मी तळहातावर कोरडी पडत होते. मला आनंदही झाला आणि रडूही आलं.

गल्लीला पुन्हा कुलपं लागली आहेत. आता व्हिडिओ कॉल येतो. तो आला की नाना आधी मला काढतात, वाटीत टाकतात आणि मग फोन उचलतात. ती बोळकं दाखवते, हे दाखवतात, दोघं हसतात. शब्द लागतच नाही. ज्यासाठी मला घडवलं, नेमकं तेच माझ्यावाचून चालू आहे. पण परवा तिनं ओठ वर करून दाखवला. हिरडीतून एक पांढरी कड वर आली होती. नाना हसले खरे, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ माझ्याकडं पाहत बसले.

तिचे दात येणार, सगळे येणार. मग ही दोघं कशावर हसतील?

जयराज, माझी एकच विनवणी आहे. पोरीला आपले चार शब्द शिकव रे. "आबा, जेवलात का," एवढं आलं तरी पुरे. उत्तर द्यायला मी तयार आहे, माझी शिट्टी केव्हाच गेली. तोवर मी इथं वाटीत पडून आहे. आणि नाना, तेवढं पाणी बदला.