चार बोटं

नऊ वर्षं आमच्या स्वयंपाकघरात दोन टेबलं होती. एकावर मी आणि मुलं, दुसऱ्यावर माझा नवरा इसब्रांट. मधे चार बोटांची फट. ट्रॅक्टरची लोखंडी चाकं काढून शहरातून आणलेले रबरी टायर बसवले, एवढाच त्याचा गुन्हा. आमच्या चर्चमध्ये रबरी टायरना बंदी, म्हणून मंडळीने त्याला वाळीत टाकलं, आणि वाळीतल्या माणसाबरोबर बायकोनेही एका टेबलावर जेवायचं नाही, हा आमच्या वसाहतीचा नियम.

मी टेबलं हळूच जवळ सरकवायची. शेजारचा आब्राम रेडेकोप दर महिन्याला घडीची फूटपट्टी घेऊन यायचा, फट मोजायचा आणि मला टेबल मागे ओढायला लावायचा. आमच्या मुलाच्या लग्नात इसब्रांट गोठ्यापाशी एकटा जेवला. दोन वर्षांपूर्वी तो गेला, वाळीतच. आब्रामवरचा राग मात्र मी मरू दिला नाही. चांगला खाऊपिऊ घालून वाढवला.

यंदा आब्रामच्या मक्याच्या कोठीत, बंदी असलेला मोबाइल वाजला. आता तोही वाळीत, आणि शनिवारी त्याच्या मुलीचं लग्न. पाद्रीबाबांनी अट घातली: ज्यांना दुखावलंस त्या सगळ्यांशी समेट कर, मग शुक्रवारी तुला परत घेऊ. सगळ्यांनी केला. मी तेवढी उरले.

मंगळवारी दुपारी तो आला, टोपी हातात घेऊन. दोन्ही टेबलांवर मी कोबीचं सूप आणि पाव मांडून ठेवले होते.

"वहिनी, एकदा माफ केलं म्हणा. पोरीच्या लग्नात बाप गोठ्यापाशी बसलेला बरा दिसतो का?"

"माझ्या पोराच्या लग्नात दिसला होता की!"

मी दुसऱ्या टेबलाशी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस, सूप निवतंय. आणि ते टेबल इकडे सरकव. अगदी चिकटव."

"अहो, मी अजून वाळीत आहे!"

"इथे मोजायला कोण येणार? मोजणारा तर तूच. माझ्याबरोबर चार घास खा, लगेच माफ करते."

त्याने खिडकीतून रस्ता पाहिला. कोणी नव्हतं. मग त्याने टेबल ढकललं आणि लाकूड लाकडाला लागलं. तो आवाज ऐकायला इसब्रांट नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. आब्राम भराभरा जेवू लागला.

"माफ केलं," मी म्हटलं. दिलेला शब्द मी पाळते.

तेवढ्यात दार वाजलं. पाद्रीबाबांना मीच साडेबाराला बोलावलं होतं. ते उंबऱ्यातच थबकले. आब्रामच्या हातातला पाव सुपात पडला.

"आब्राम, पट्टी काढ," मी म्हटलं. "बाबांना फट मोजून दाखव."

"आता शुक्रवार विसर, आब्राम," पाद्रीबाबा म्हणाले. "आणि आगानेता, तूसुद्धा आजपासून वाळीत. कळतंय ना तुला?"

"कळतंय, बाबा," मी म्हटलं. "इसब्रांटचं टेबल रिकामंच आहे."